सासऱ्याच्या कोठ्यापायी सरपंचीण गेली. वरच्यांना कोणता कायदा?

धुऱ्यावरचा · मंगळवार, रात्री ९.४०

आमच्या गावच्या सरपंचबाई मागच्या आठवड्यात अपात्र ठरल्या. पैसे खाल्ले नाहीत, कोणाला मारलं नाही, ठराव दडवला नाही. नाल्याच्या काठाला ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जागेवर त्यांच्या सासऱ्याचा ढोरांचा कोठा आहे. चार बल्ल्या, वर टिनं, बाजूनं पऱ्हाट्यांचा कूड. बाई लग्न होऊन गावात आल्या तेव्हाही तो होताच. विरोधी गटानं मोबाइलवर फोटो काढले, पटवाऱ्याचा पंचनामा झाला, कलेक्टरकडं अर्ज गेला अन् सहा तारखांत काम आटोपलं. सासरा-सून एकाच राशनकार्डावर, म्हणून अतिक्रमण सुनेचंही.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. (थोडी आहे.) पण त्याच संध्याकाळी पानठेल्यावर टीव्हीत दिल्लीची चर्चा चालली होती. पंतप्रधान असो की मुख्यमंत्री, तीस दिवस कोठडीत राहिला तर पद जाणार, अशा घटनादुरुस्तीची. पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "आपल्या बाईले तं एक दिवसबी जेल नाही झाली."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. खुर्ची जितकी मोठी तितका कायदा सैल, असं खरंच आहे का? की मला आपलं नाल्याच्या काठावरूनच जग दिसतंय? जाणकारांनी सांगावं.

कोर्टकचेरी · मंगळवार, रात्री १०.१५

तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली, वकील नाही. तेवढ्यावर सांगतो.

कागदावर बघाल तर घटनेच्या ३६१ व्या कलमाचं कवच फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही, अटक होत नाही. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री यांना तसलं काही नाही. ते आणि तुम्ही १४ व्या कलमासमोर सारखे.

एकदा प्रयत्न मात्र झाला होता. ऑगस्ट १९७५, आणीबाणी चालू. ४१ वी घटनादुरुस्ती म्हणून एक विधेयक आलं. राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या जोडीला पंतप्रधानांनाही बसवायचं, आणि संरक्षण पदापुरतं नाही तर जन्मभराचं. राज्यसभेनं मंजूरही केलं. लोकसभेत ते कधी आलं नाही, तिथंच विरलं.

तुमच्या कोठ्यावरून दुसरी गोष्ट आठवली. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. कारणं दोन. एक, सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूर यांची प्रचारात मदत घेतली. दुसरं, सभेचं व्यासपीठ आणि लाउडस्पीकरची सोय सरकारी अधिकाऱ्यांनी करून दिली. म्हणजे देशाच्या पंतप्रधानांची खासदारकी मचाणापायी गेली होती, तुमच्या बाईंची कोठ्यापायी. इथवर दोघी सारख्याच.

फरक पुढं आहे. तिकडं निवडणुकीचा कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. वर ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर नेली. ७ नोव्हेंबर १९७५ ला सुप्रीम कोर्टानं त्या दुरुस्तीतला नेमका तो भाग उडवला, पण बदललेला कायदा ग्राह्य धरला आणि निवडणूक वैध ठरवली.

तुमच्या बाईंसाठी मागच्या तारखेपासून कोण कायदा बदलणार?

बोंडअळी · मंगळवार, रात्री १०.३२

बेस सांगतलं काकाजी. मागच्या तारखेनं कायदा! आमी मागच्या तारखेनं पीकविमा मांगतो तं म्हन्ते मुदत गेली, बाहत्तर तासाच्या आत कळवाले पायजे होतं. वावरात पानी, लाइन नाही, मोबाइल बंद. कोनाले कळवू, बेंडकाले?

माजी सदस्या · मंगळवार, रात्री ११.०५

मी एक टर्म ग्रामपंचायतीत काढली आहे. माझ्या वेळी काय काय बघितलं गेलं ते ऐका.

घरी संडास आहे का, आणि तो वापरता का. घरपट्टीची मागणी आल्यावर तीन महिन्यांत भरली का. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं का. राखीव जागा असेल तर जात-पडताळणी मुदतीत आली का. सरकारी जागेवर घरच्या कोणाचं काही उभं आहे का. यातलं एक चुकलं की घरी. कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नाही.

आता आमदार-खासदाराची यादी काढा. तिसऱ्या मुलाची अट नाही. संडासाची नाही. गाळपेर, गायरान, ई-क्लास कशावरही बंगला असला तरी त्यापायी पद जात नाही. तिथं गुन्हा सिद्ध व्हावा लागतो आणि बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागावी लागते. २०१३ पर्यंत तर शिक्षा झाल्यावरही तीन महिन्यांत अपील टाकलं की खुर्ची शाबूत. ती सवलत लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं काढली. संसदेनं स्वतः काढली नाही, हे ध्यानात ठेवा.

आमच्या शेजारच्या गावात एका बाईला तिसऱ्या पोरापायी सदस्यपद सोडावं लागलं. पोरगा दीड वर्षाचा होता, तिच्या मांडीवर खेळत होता. नवऱ्याला कोणी काही विचारलं नाही. तो पुढच्या खेपेला पॅनलप्रमुख म्हणून फिरला.

कोर्टकचेरी · बुधवार, सकाळी ७.२०

ताई, दोन अपत्यांचा मुद्दा सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. २००३ चा जावेद खटला, हरयाणाचा. तिथं हेच मांडलं होतं की पंचाला अट आणि खासदाराला नाही, हा भेदभाव. कोर्टानं ऐकलं नाही. पंचायतीचा कायदा वेगळा, संसदेचा वेगळा, आणि एखादं धोरण टप्प्याटप्प्यानं राबवता येतं, असा त्याचा मथितार्थ. पहिला टप्पा ग्रामपंचायत. दुसऱ्या टप्प्याची गाडी अजून डेपोतच आहे.

आणि धुऱ्यावरचे भाऊ, बाईंना सांगा की अपिलाची मुदत दवडू नका. निकाल कळल्यापासून पंधरा दिवस. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा घरच्या अतिक्रमणाच्या प्रकरणात सदस्याच्या विरोधात कौल दिला, हे खरं. पण २७ सप्टेंबर २०२४ ला जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना त्याच कोर्टानं पद परत दिलं. सासूच्या घराचं प्रकरण होतं. गावाला बाई सरपंच म्हणून सोसवत नाही आणि अधिकारीही अशा प्रकरणात फार सहज निकाल देतात, या अर्थाचं कोर्ट बोललं. वकिलाला तो निकाल दाखवा.

पुण्यातला वऱ्हाडी · बुधवार, सकाळी ९.५०

थोडं उलट बोलतो, रागावू नका.

वर बसलेल्या माणसाला थोडं संरक्षण लागतंच. सरपंचाच्या विरोधात गावात एक गट असतो. मुख्यमंत्र्याच्या विरोधात प्रत्येक तालुक्यात शंभर असतात. कोणीही उठून खाजगी फिर्याद टाकली आणि त्याला रोज एका कोर्टात उभं केलं तर राज्य कोण चालवणार? म्हणूनच सरकारी कामातल्या कृत्यासाठी खटल्याआधी मंजुरी लागते. ती तरतूद मंत्र्यासाठीच आहे असंही नाही, अधिकाऱ्यांनाही तिचा आधार मिळतो.

राहुल गांधींचं प्रकरण घ्या. भाषणातल्या एका वाक्यावर सुरतच्या कोर्टानं २३ मार्च २०२३ ला बरोबर दोन वर्षं दिली. एक दिवस कमी दिला असता तर खासदारकी वाचली असती. दुसऱ्या दिवशी ती गेली. ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं स्थगिती देताना हेच विचारलं, की जास्तीत जास्त शिक्षाच का दिली त्याचं कारण खालच्या कोर्टानं लिहिलेलं नाही. कायदा सर्वांना सारखा म्हणताना कायदा कोणाच्या हातात आहे, हेही बघाल की नाही?

बोंडअळी · बुधवार, सकाळी १०.०४

पुन्यात राह्यलं का मानूस असा सरकारी बोलते. मंजुरी कोन देते? सरकार. मंत्री कोनाचा? सरकारचा. मांजरालेच इचारा, का बाई दुधाले तोंड लावू का.

खामगाव रोड · बुधवार, दुपारी १.३०

पुण्याचे भाऊ मंजुरीचं म्हणतात, ते खटल्यापर्यंत पोचलं तर. आमच्या इथं गुन्हाच नोंदवू नका म्हणून फोन आला होता. हे सुप्रीम कोर्टाच्या निकालात छापलेलं आहे, माझ्या पदरचं नाही.

साल २००६. इकडं आत्महत्यांनी कहर केला होता. खामगावच्या तेव्हाच्या आमदाराच्या घरचा सावकारी धंदा, शेतकऱ्यांच्या तक्रारी, महिन्याला दहा टक्के व्याज. वर्षाचे नाही, महिन्याचे. मुख्यमंत्री विलासराव देशमुख. त्यांच्या कार्यालयातून फोन गेला. कलेक्टरला सूचना अशी की या कुटुंबाविरुद्धची तक्रार आधी जिल्हा समितीपुढं ठेवा, सरकारी वकिलाचं मत घ्या, मग काय ते ठरवा. इतर सावकारांना ही वाट नव्हती, एकाच घराला होती. पोलीस ठाण्यातल्या कोणीतरी त्या फोनची स्टेशन डायरीत नोंद करून ठेवली. मला या सगळ्यात तोच माणूस आवडतो. डायरीत चार ओळी खरडल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एक शेतकरी नागपूर खंडपीठात गेला. हायकोर्टानं सरकारला २५ हजारांचा दंड केला. सरकारनं काय करावं? दंड भरून गप्प बसावं ना? ते दिल्लीला अपिलात गेलं. १४ डिसेंबर २०१० ला न्यायमूर्ती सिंघवी आणि गांगुली यांनी २५ हजाराचे १० लाख केले. मुख्यमंत्र्यांनी असं करणं पदाच्या शपथेत बसत नाही, असं कडक लिहिलं. पैसे विधी सेवा प्राधिकरणाकडं, गरीब शेतकऱ्यांच्या खटल्यांसाठी.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तेव्हा आमचे एक म्हातारे काका म्हणाले, "दहा लाख कोनं भरले?"

सरकारनं भरले. म्हणजे ज्यानं महिन्याला दहा टक्के व्याज दिलं, त्यानंच माचिस अन् डिझेलवरच्या करातून दंडही दिला. विलासराव तेव्हा केंद्रात मंत्री होते, आणि त्या निकालानंतरही राहिले.

माजी सदस्या · बुधवार, दुपारी २.१०

ग्रामपंचायतीत चुकीचा खर्च निघाला की सरपंच-ग्रामसेवकाकडून वसुली लागते. सातबाऱ्यावर बोजा चढतो. वरच्यांच्या सातबाऱ्यावर कधी बोजा चढलेला पाहिला का कोणी?

धुऱ्यावरचा · बुधवार, संध्याकाळी ७.१५

खामगावचं मला माहीत नव्हतं. मी मघापासून पद जाण्याबद्दल विचार करत होतो. पण खरी गोम खामगावच्या त्या म्हाताऱ्या काकांनी धरली. खाली नियम मोडला तर माणसाला लागतं. वर मोडला तर तिजोरीला लागतं.

सावनेर फाटा · बुधवार, रात्री ८.४०

वेळेचं कोणी बोललंच नाही. नागपूर जिल्हा बँकेचा खटला घ्या. सरकारी रोख्यांत गुंतवायचे म्हणून खाजगी दलाल कंपन्यांकडं पैसे गेले, दीडशे कोटींच्या घरात. रोखेही आले नाहीत, पैसेही नाही. गुन्हा २००२ चा. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला, पाच वर्षं शिक्षा. आमदारकी लगेच गेली. पुढं हायकोर्टातून जामीन झाला. दोषी की निर्दोष ते वरचं कोर्ट बघेल, मी त्यात पडत नाही.

मला एकवीस वर्षं खुपतात. या एकवीस वर्षांत ते निवडून येत राहिले, कॅबिनेट मंत्री झाले. ते निर्दोष असतील तर एकवीस वर्षं डाग घेऊन फिरले, आणि दोषी असतील तर एकवीस वर्षं सत्तेत. दोन्हीकडून वाईटच. २००२ साली ज्याची ठेव अडकली तो शेतकरी तेव्हा पन्नाशीत असेल तर निकालाला सत्तर ओलांडून होता.

धुऱ्यावरचे, तुमचं सहा तारखांत आटोपलं म्हणता. तेच तर.

भगवा झेंडा · बुधवार, रात्री ९.०२

सकाळपासून वाचतोय. इंदिरा गांधी, विलासराव, केदार. सगळी उदाहरणं एकाच पक्षाची शोधून आणली का? धागा कोणाच्या सांगण्यावरून निघाला ते कळतंय.

खामगाव रोड · बुधवार, रात्री ९.१०

घ्या तुमच्याकडचं. बंगारू लक्ष्मण, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष. २००१ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर एक लाख घेताना दिसले, एप्रिल २०१२ मध्ये चार वर्षं शिक्षा. इथंही अकरा वर्षं लागली. लालूप्रसाद चारा घोटाळ्यात, जयललिता बेहिशेबी मालमत्तेत. राज्य जुनं तितकी फाइल जाड, एवढंच.

संपादक · बुधवार, रात्री ९.२५

पक्षांची उणीदुणी काढायला वेगळा धागा आहे. तीन प्रतिसाद उडवले आहेत. बोंडअळी, शिव्या वऱ्हाडीत दिल्या म्हणून चालत नाहीत.

झाडीपट्टी · गुरुवार, सकाळी ६.५०

धानाची बांधणी चालू आहे म्हणून उशीर. त्या तीस दिवसांच्या विधेयकावर परत येऊ, कारण मूळ प्रश्न तिथून निघाला.

२० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत १३० वी घटनादुरुस्ती म्हणून मांडलं, मग संयुक्त समितीकडं गेलं. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडी झाली की एकतिसाव्या दिवशी मंत्रिपद संपलं. पंतप्रधान, मुख्यमंत्रीही त्यात. सुटल्यावर परत नेमता येईल. ऐकायला कानाला गोड लागतं. केजरीवाल २१ मार्च २०२४ ला अटक झाले आणि तुरुंगातून मुख्यमंत्री राहिले, सप्टेंबरमध्ये जामिनावर सुटल्यावर राजीनामा दिला. त्याआधी जानेवारीत हेमंत सोरेन यांनी अटकेच्या तोंडावर राजीनामा दिला होता. नियम नव्हता, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं.

पण आमच्या गडचिरोली-गोंदियाच्या माणसाला विचारा कोठडी म्हणजे काय ते. इथं गुन्हा सिद्ध न होता वर्षानुवर्षं आत राहून निर्दोष सुटलेले लोक आहेत. अटक हा पुरावा नाही. राज्यातल्या मुख्यमंत्र्याला केंद्राची यंत्रणा अटक करू शकते. पंतप्रधानाला अटक करणारा पोलीस कोणाच्या हाताखाली काम करतो? कागदावर नियम सर्वांना सारखा, पण दोर एकाच्या हातात. पोळ्याला सगळे बैल सारखेच सजवतात, म्हणून काय सगळ्यांच्या खांद्यावर सारखं जू येते?

पुण्यातला वऱ्हाडी · गुरुवार, सकाळी ९.३०

मी हेच म्हणत होतो. तुम्ही जास्त बरं म्हटलं.

तरी सगळं काळंच आहे असं नाही. १९९८ च्या नरसिंह रावांच्या निकालानं सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्या खासदाराला विशेषाधिकाराचं कवच दिलं होतं. म्हणजे लाच घेऊन ठरल्याप्रमाणं मत दिलं तर सुटका! ते ४ मार्च २०२४ ला सात न्यायाधीशांनी सीता सोरेन खटल्यात मोडीत काढलं. आणि १० ऑगस्ट २०२१ पासून आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय सरकारला मागं घेता येत नाहीत.

सावनेर फाटा · गुरुवार, सकाळी ९.४८

हे सगळं कोर्टानं केलं. मतदारानं काय केलं? २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे नोंद असल्याचं लिहून दिलंय. आंदोलनाचे गुन्हे त्यात असतील, मान्य. पण कागद आपल्यासमोर होता ना?

बोंडअळी · गुरुवार, सकाळी १०.१५

कागद होता, वाचाले टाइम नोता. सोंगनीत होतो. अन् खरं सांगू का? आपला मानूस असला तं केस झाली का आपन म्हनतो भाऊले अडकोलं. दुसऱ्याचा असला तं म्हनतो चोर आहे लेकाचा. मी बी म्हनतो. आता शिव्या नाही देल्ल्या, उडवू नोका.

कोर्टकचेरी · गुरुवार, दुपारी १२.०५

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावून गेले. धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. बोंडअळी, तुम्ही तेच सोंगणीच्या भाषेत सांगितलंत.

धुऱ्यावरचे, अपिलाचं काय झालं?

धुऱ्यावरचा · शुक्रवार, रात्री ८.२०

आज अपील दाखल झालं. जळगावचा निकाल वकिलाच्या मोबाइलमध्ये आधीच होता, त्यानं तो पानं मोजून जोडला. बाईंनी गाडीभाडं उसनं घेतलं.

येताना त्यांच्या घरावरून आलो. सासरे कोठ्यातच बसले होते, म्हशीची धार काढत.

माजी सदस्या · शुक्रवार, रात्री ८.३१

म्हणजे कोठा पाडला नाही?

धुऱ्यावरचा · शुक्रवार, रात्री ८.४५

नाही. पाडा असं कोणी म्हटलंच नाही. अर्ज करणाऱ्याचं कुटाराचं, म्हणजे ढोरांचा भुसा साठवायचं, ढोलं त्याच नाल्याच्या काठाला आहे, कोठ्याला लागून. कोठा पाडायला जेसीबी आला तर आधी त्याच्या ढोल्यावरून जावं लागते.